मेर्कलिनचा सी-ट्रॅक, फॅलरचं स्टेशन आणि आमचे गार्डसाहेब : दीड वर्ष वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी थेट सांगून टाकते, ज्यांना फक्त घ्यायचं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी. घरात जर्मन मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे बोर्डावरची छोटी चालती रेल्वे, करायचं मनात असेल आणि तुम्ही आमच्यासारखे ग्वाल्हेरच्या धुळीत राहत असाल, तर मेर्कलिन या जर्मन कंपनीचा तीन रुळांवाला सी-ट्रॅक घ्या, डोळे मिटून घ्या. पैसा रूळ, इंजिन आणि कंट्रोलर या तीनच गोष्टींत घाला. डोंगर, झाडं, रस्ते, शेतं हे सगळं घरी हाताने करा, त्यासाठी परदेशातून पाकिटं मागवू नका. दीड वर्ष जवळजवळ रोज संध्याकाळी गाडी चालवून हे लिहितेय. (आपल्याकडे बरेच जण मार्कलिन म्हणतात. भाचा तिकडे राहतो तो मेर्कलिन म्हणतो, म्हणून मी पण तसंच लिहिते.)

आमच्याकडे हे कसं आलं ते सांगायला हवं, कारण त्यावरच सगळं ठरलं. माझे वडील, अप्पा, छोट्या लाइनवर गार्ड होते. छोटी लाइन म्हणजे ग्वाल्हेर ते श्योपूरकलां, दोन फुटी गेज, साधारण २०० किलोमीटर, घोसीपुरा, मोतीझील, जौरा, कैलारस, सबलगढ करत करत जाणारी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या वेळची गाडी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्यांना तिची शिट्टी ऐकून किती वाजले ते कळायचं. २०२० च्या मार्चमध्ये ती थांबली ती थांबलीच, आता त्याच वाटेने मोठी लाइन टाकतायत. अप्पा रिटायर होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण गाडी बंद झाली ते त्यांना फार लागलं, संध्याकाळी गच्चीत जाऊन नुसते उभे राहायचे. माझ्या ताईचा मुलगा श्टुटगार्टला नोकरी करतो, तो दिवाळीला आला तो एक मोठा खोका घेऊनच आला, म्हणाला मावशी, हे आजोबांसाठी, पण जोडायचं तू.

खोक्यात मेर्कलिनचा डिजिटल स्टार्टर सेट होता. एक काळं टँक इंजिन, बाउराइहे (म्हणजे मालिका) ७४, तीन मालडबे, सी-ट्रॅकचा ओव्हल, मोबाइल स्टेशन म्हणजे हातात धरायचा कंट्रोलर, आणि पॉवर सप्लाय. तिकडे पण आपल्यासारखंच २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वगैरे काही भानगड नाही. भाच्याने सांगितलं की मेर्कलिनचं गाव ग्योपिंगेन त्याच्या घरापासून लोकलने जाण्याइतकं जवळ आहे, कंपनी १८५९ ची, आधी बाहुल्यांच्या घरासाठी लागणारी पत्र्याची भांडीकुंडी करायची, १८९१ ला लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापांच्या रुळांवरची गाडी दाखवली आणि तिथून पुढे रेल्वेचंच काम. २००९ मध्ये दिवाळं निघायची वेळ आली होती, २०१३ मध्ये खेळणीवाल्या झिम्बा-डिकी ग्रुपने विकत घेतली, आणि आजही ग्योपिंगेनमध्ये माल बनतो (काही हंगेरीतल्या ग्योर गावात). एवढ्या जुन्या घराचे सुटे भाग मिळत राहतील हा भरवसा मला महत्त्वाचा वाटतो, कारण गाडी एकदा घेतली की वीस-तीस वर्षं टिकायला हवी.

कोणी विचारेल की छोट्या लाइनच्या माणसाला जर्मन गाडी कशाला, आपलीच का नाही. खरं कारण हे की आपल्या छोट्या लाइनचं तयार मॉडेल दुकानात मिळत नाही, आणि जर्मन रेल्वेचं सगळं मिळतं. इंजिन मिळतं, सिग्नल मिळतो, फाटक मिळतं, फाटकवाल्याची चौकी मिळते, प्लॅटफॉर्मवर बॅग घेऊन उभी असलेली पावणेदोन-दोन सेंटिमीटरची बाई मिळते. आणि वर नियम लिहिलेले असतात, कुठल्या काळात कुठला डबा, कुठला नंबर, कुठला रंग. अप्पांना नियम लागतात.

आता ट्रॅक. एच-झिरो म्हणजे खऱ्याच्या १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. सी-ट्रॅक १९९६ पासून येतोय, त्यात रूळ प्लास्टिकच्या गिट्टीच्या बांधावर बसवलेलाच असतो, खाली दोन्ही टोकांना जीभ आणि खाच, समोरासमोर धरून ढकललं की खट्ट. हा खट्ट आवाज आला म्हणजे वीज पण जोडली गेली, वेगळे जॉइनर शोधायचे नाहीत. पहिला आठवडा आम्ही हॉलच्या कोटा फरशीवरच चालवली, रोज लावायची रोज काढायची, आणि एकही जीभ तुटली नाही, अप्पांचे हात थरथरतात तरी त्यांना स्वतः जोडता आलं. फक्त फरशीवर कायम ठेवू नका, केस आणि सुताचे तंतू गिअरमध्ये जातात.

तीन रूळ म्हणतो पण तिसरा रूळ दिसत नाही, मधे स्लीपरवर बारीक बारीक खिळ्याच्या डोक्यासारखे ठिपके असतात, जर्मन लोक त्यांना पुको म्हणतात, आणि इंजिनाच्या पोटाखाली एक लांब पट्टी असते ती या ठिपक्यांवरून घासत जाते. एक वायर ठिपके, दुसरी वायर दोन्ही रूळ. याचे दोन फायदे आहेत आणि ग्वाल्हेरमध्ये दोन्ही सोन्यासारखे आहेत. पहिला म्हणजे पट्टी सतत घासत असल्यामुळे ठिपके आपोआप साफ होत राहतात, आणि डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना एकच वीज असल्यामुळे एका बाजूचं चाक धुळीवर चढलं तरी दुसरं धरून ठेवतं. आमची खोली गच्चीवर, मे महिन्यात लू सुटते तेव्हा खिडक्या बंद असून सुद्धा सकाळी बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसलेली असते. ओळखीतल्या एकांकडे दोन रुळी डीसी गाडी आहे, त्यांना प्रत्येक वेळी चालवायच्या आधी रूळ पुसायला लागतात. आम्ही पंधरा दिवसांनी एकदा, जुन्या बनियनच्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसतो. पॉलिश पेपर लावू नका, आणि भांडी घासायची तारेची जाळी तर अजिबातच नको, तिचे बारीक तुकडे मोटरच्या चुंबकाला चिकटतात. बाकीच्या वेळी आईच्या जुन्या सुती लुगड्याने सगळा लेआउट झाकलेला असतो.

दुसरा फायदा लूपचा. गाडी पुढे जाऊन वळसा घेऊन त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत आणायची असेल, तर दोन रुळी सिस्टिममध्ये डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो आणि शॉर्ट होतो, त्यासाठी वेगळं सर्किट लागतं. तीन रुळीत दोन्ही रूळ सारखेच, त्यामुळे वाटेल तसा वळसा घाला. अप्पांना पहिल्याच दिवशी हेच हवं होतं, गाडी पोचली की इंजिन फिरवून परत.

घेताना एक काळजी घ्या. ट्रिक्सचा सी-ट्रॅक दिसायला अगदी असाच असतो, एकाच घरातला आहे, पण तो दोन रुळी आहे, मधे ठिपके नाहीत. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सेकंडहँड सरळ तुकड्यांचा गठ्ठा घेतला तेव्हा फोटोत नीट बघितलं नाही, आले ते ट्रिक्सचे, आणि परत घ्यायला तो तयार झाला नाही. ते आता फक्त यार्डाच्या कोपऱ्यात, गाडी न चालणाऱ्या सायडिंगवर लावलेत. तसंच रोको किंवा पिकोचं इंजिन घ्यायचं असेल तर एसी (म्हणजे तीन रुळी) व्हर्शन आहे का ते विचारून घ्या, त्या कंपन्या बरीच मॉडेलं दोन्हीत काढतात.

जागेचं गणित. सगळ्यात लहान गोल आर-वन, त्याची त्रिज्या ३६ सेंमी, बारा तुकड्यांत गोल पूर्ण. आर-टू ४३.७५, आर-थ्री ५१.५. आपल्याकडे प्लाय आठ बाय चारची मिळते म्हणजे रुंदी १२२ सेंमी, त्यात आर-थ्रीचा १०३ सेंमीचा गोल बसतो आणि आत आर-टू पण. स्टार्टरचा आर-वन छोट्या इंजिनाला, मालडब्यांना ठीक आहे, पण लांब डबे त्यावर विचित्र दिसतात, खरा जर्मन झिल्बरलिंग डबा २६.४ मीटरचा, १:८७ ला ३० सेंमी होतो, तो आर-वनवर वळताना मधला भाग आत आणि टोकं बाहेर अशी लटकतात. म्हणून आमच्या बोर्डावर छोट्या गाड्याच. लाल शिनेनबुस घेतलाय, म्हणजे बसच्या रूपाची दोन अॅक्सलची डिझेल रेलबस, १९५० च्या दशकात जर्मनीतल्या कितीतरी खेड्यांतल्या तोट्यातल्या लाइनी याच गाडीने तगवल्या. अप्पांचं सगळ्यात लाडकं तेच. ते म्हणतात ही गाडी आपल्याकडे वेळेत आली असती तर सबलगढची लाइन अजून असती.

आठ फूट बोर्ड म्हणजे खरे किती? ८७ ने गुणा, २१२ मीटर. एक किलोमीटर दाखवायला साडेअकरा मीटर लांबीची खोली लागेल. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस बोर्डावर शहर, विमानतळ, किल्ला सगळं कोंबायचं थांबवतो. एक छोटं स्टेशन, एक वळण, एक बोगदा, बस. चढाचं पण तसंच. तीन टक्क्यांच्या वर चढ देऊ नका, म्हणजे मीटरला तीन सेंमी, आणि रुळावरून रूळ न्यायचा तर निदान आठ-नऊ सेंमी उंची हवी, म्हणजे नुसत्या चढालाच तीन मीटर गेले. मी सुरुवातीला पाच टक्के दिला होता, रिकामी गाडी चढायची, डबे लावले की इंजिन जागेवर फिरायचं. सगळं उखडून परत केलं.

थीम आम्ही श्वार्त्सवाल्डची, म्हणजे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची घेतली, त्याचं कारण पण जागाच. श्वार्त्सवाल्डबान ही ओफेनबुर्ग ते झिंगेन लाइन रोबेर्ट गेर्विग नावाच्या इंजिनिअरने बांधली, १८७३ मध्ये पूर्ण झाली. होर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गेन हवेतून मोजलं तर ११ किलोमीटर, पण गेर्विगने दऱ्यांमध्ये घोड्याच्या नालेसारखे वळसे घालून तीच वाट २६ किलोमीटरची केली, म्हणजे चढ हळू राहिला आणि दातेरी रूळ लागला नाही. आता बघा, आठ बाय चारच्या प्लायवर गाडीला गोल गोल फिरण्याशिवाय इलाज नसतो आणि बहुतेक लेआउट त्यामुळेच खोटे दिसतात. इथे मात्र खरी लाइनच वळसे घेत बोगद्यातून बोगद्यात जाते, त्यामुळे आमची गाडी डोंगरात शिरली आणि दुसरीकडून वर निघाली तर ते खरं वाटतं. काळ एपोख तीन, म्हणजे साधारण १९४५ ते १९७०, डॉइचे बुंडेसबानचे, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या रेल्वेचे दिवस. कोळशाचं इंजिन, डिझेल आणि रेलबस तिन्ही एकाच स्टेशनात उभी राहू शकतात असा हा काळ (पश्चिम जर्मनीत वाफेचं शेवटचं काम १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये संपलं). कोळसा जाऊन डिझेल येणं अप्पांनी स्वतः अंगावर घेतलेलं आहे, त्यामुळे त्यांना इथे कोणी काही समजवायला लागलं नाही.

मोबाइल स्टेशनबद्दल. इंजिन रुळावर ठेवलं की ते स्वतःच आपलं नाव कंट्रोलरला कळवतं, याला एमएफएक्स म्हणतात, आणि स्क्रीनवर इंजिनाचं चित्र येतं. म्हाताऱ्या माणसाला पत्ते आणि कोड टाकायला लागत नाहीत ही फार मोठी सोय. स्पीडचं चाक गोल फिरतं, दाबलं की दिशा बदलते. पण सगळ्यात उपयोगी गोष्ट सेटिंगमध्ये लपलीय, ती म्हणजे कमाल वेग कमी करता येतो आणि सुटताना-थांबताना किती वेळ घ्यायचा ते ठरवता येतं. पहिल्या दिवशी भाच्याने गाडी जोरात पळवली तर अप्पा म्हणाले, "अरे ही मालगाडी आहे, बंदुकीची गोळी नाही." मग मनगटावरचं घड्याळ काढून बसले. खरी गाडी ताशी ६० ने जात असेल तर तिचं मॉडेल सेकंदाला १९ सेंमी जायला पाहिजे, म्हणजे आठ फुटांना साधारण १३ सेकंद. तेवढा वेळ लागेपर्यंत त्यांनी सेटिंग कमी करायला लावलं, प्रत्येक वेळी हात वर करून सुरू, हात खाली करून बंद, आणि मी वहीत आकडे लिहितेय. आता आमचं ७४ नंबर स्टेशनातून सुटतं तेव्हा आधी एक शिट्टी, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग चाक इतकं हळू फिरायला लागतं की कनेक्टिंग रॉड खाली जाताना दिसतो. या एका क्षणासाठी सगळा खर्च वसूल आहे असं मला वाटतं. मोटर हळू वेगाला अजिबात अडखळत नाही, धुळीच्या दिवसांत पण नाही.

सिग्नल हा खरा विषय. जर्मन फोर्मझिग्नाल म्हणजे हाताचे सिग्नल, हात आडवा म्हणजे थांबा, तो एच-पी-झिरो. हात वर, तिरका ४५ अंशात, म्हणजे जा, एच-पी-वन. दोन हात दोन्ही वर म्हणजे हळू जा, एच-पी-टू, नेहमीचा अर्थ ४० च्या स्पीडने, स्टेशनात शिरताना पॉइंटवरून (म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यावरून) वळायचं असेल तेव्हा. मी वीसमन कंपनीचा मोटरवाला सिग्नल मागवला, त्यात हात झटकन उडत नाही, हळूहळू उचलला जातो, खऱ्या तारेने ओढल्यासारखा. पहिल्यांदा लावला, बटण दाबलं, हात वर गेला, आणि अप्पा खुर्चीतून उठले. "हात वर गेला आणि गाडी सोडतेस?" आपल्याकडच्या जुन्या सिग्नलचा हात खाली पडला की लाइन मोकळी, सगळी नोकरी डोळ्यांनी तेच पाहिलेलं, त्यामुळे वर गेलेला हात बघून त्यांचा स्वतःचा हात आपोआप ब्रेक शोधत होता. त्यावर आमचं दोन दिवस बोलणं झालं. जर्मनीत दुहेरी लाइनवर गाडी उजवीकडून चालते, आपल्याकडे डावीकडून, हे कळल्यावर तर त्यांनी वही काढून दोन रकाने पाडले, एका बाजूला आपलं, एका बाजूला त्यांचं. सिग्नलच्या आधी डिस्टंट सिग्नल असतो, पिवळी गोल तबकडी काळ्या कड्याची, समोर दिसली म्हणजे पुढचा सिग्नल बंद आहे असं धरा, आडवी झोपली म्हणजे पुढे मोकळं. हे त्यांना फार पटलं. शेवटच्या डब्याला लाल दिवा नसेल तर गाडी पूर्ण आलीच नाही असं समजायचं हा नियम मात्र दोन्हीकडे सारखा, त्या रकान्यांच्या मधे त्यांनी तो एकटा लिहिलाय. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला दिवा नव्हता, तर मी लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके लावून दिले तेव्हाच त्यांनी गाडी सोडू दिली.

फॅलरबद्दल. ही कंपनी श्वार्त्सवाल्डमधल्याच ग्युटेनबाख गावची, १९४६ मध्ये एडविन आणि हेर्मान फॅलर या भावांनी काढलेली, म्हणजे आमच्या थीमचं घरचंच माणूस. मी गावातल्या छोट्या स्टेशनचं किट घेतलं आणि एक शेतकऱ्याचं घर, ज्याचं छप्पर दोन्ही बाजूंनी जमिनीकडे उतरलेलं असतं, खाली गोठा वर माणसं. भाग वेगवेगळ्या रंगांच्या प्लास्टिकमध्येच ओतलेले येतात, त्यामुळे रंगवलं नाही तरी चालतं, पण रंगवलंत तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्लास्टिकची चमक घालवायला पातळ पोस्टर कलरचा हात मारायचा आणि कपड्याने पुसून घ्यायचं, विटांच्या फटींत रंग राहतो तेवढाच हवा. भाग फ्रेममधून मोडून काढू नका, नेल कटरने कापा. गोंद सुईच्या नळीवाला प्लास्टिक सिमेंटच वापरा. घाईत मी खिडक्यांना झटपट चिकटणारा साधा गोंद वापरला, त्याच्या वाफेने सगळ्या काचा आतून पांढऱ्या धुरकट झाल्या, त्या परत पारदर्शक होत नाहीत. शेवटी त्या खिडक्यांना आतून ट्रेसिंग पेपर लावला आणि दिवा ठेवला, आता पडदे लावल्यासारखं दिसतं. आणखी एक, किट जोडताना ऐन उन्हाळ्यात खिडकीजवळ ठेवू नका, दुपारच्या उन्हात छपराचा एक तुकडा माझा वाकला होता.

माणसं प्रायजर कंपनीची. रंगवलेली महाग पडतात, बिनरंगी पाकीट घ्या आणि घरी रंगवा, भिंग आणि ट्रिपल झिरो ब्रश हवा. एक स्टेशनमास्तर लाल टोपीवाला आहे, जर्मनीत गाडी सोडणाऱ्याची टोपी लाल असते, तो अप्पांनी स्वतः रंगवला, दोन दिवस लागले.

आता घरी करायच्या गोष्टी, आणि यावर मी मनापासून सांगते की इथे बाहेरून काही आणायची गरज नाही. लहानपणी दिवाळीत अंगणात किल्ला केलेला, गणपतीला आरास केलेली माणसं आपण, डोंगर आपल्याला येतो. थर्माकोलचे तुकडे रचायचे, गरम तारेने उतार द्यायचा, वर फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवलेले वर्तमानपत्राचे तीन थर, मग प्लास्टर ऑफ पॅरिस. श्वार्त्सवाल्डमध्ये बऱ्याच ठिकाणी वालुकाश्म लालसर आहे, त्याला गेरू इतका हुबेहूब लागतो की वेगळा रंग घ्यायलाच नको, पातळ गेरू वरून ओघळू द्यायचा, खाचांत आपोआप गडद होतो. हिरवळीला आरा मशीनवरचा भुसा, चहाच्या गाळणीने गाळून, पोस्टर कलरमध्ये भिजवून, गच्चीत वाळवून. एकच हिरवा करू नका, तीन-चार करा आणि मिसळा.

झाडांनी मात्र आमचा हिवाळा गेला. ते जंगल टानेनचं म्हणजे सुयांच्या पानांच्या उंच झाडांचं आहे, खरं झाड ३० मीटर असतं, मापात ३४ सेंमी होईल, एवढी लावली तर बोर्ड बुडून जाईल म्हणून आम्ही १० ते १६ सेंमीची केली. सुतळी घ्यायची, बोटभर तुकडे कापायचे, पीळ सोडून धागे मोकळे करायचे. बारीक लोखंडी तार दुमडायची, दोन तारांमध्ये फेव्हिकॉल लावून सुतळीचे धागे आडवे पसरायचे, एका टोकाला पकड, दुसरं टोक हँड ड्रिलमध्ये, आणि हळूहळू फिरवायचं. तार पिळत जाते तसे धागे चहूबाजूंना उभे राहतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. मग कात्रीने खालून रुंद वर निमुळतं कापायचं, काळपट हिरवा स्प्रे, ओला असतानाच भुशात लोळवायचं. ड्रिल जोरात फिरवलं की तार तुटते, शेजारच्या काकू कापूस पिंजल्यासारखे धागे सोडून द्यायच्या आणि अप्पा ड्रिल फिरवायचे, अशी १४० झाडं झाली. किनाऱ्यावर चांगली झाडं, आतल्या भागात साधी, जंगलात आतलं कोणी बघत नाही.

प्लाय बारा मिलिमीटरची घेतली होती आणि पहिल्याच पावसाळ्यात मधून फुगली, रुळाचा जोड एके ठिकाणी वर आला आणि रेलबस तिथे थबकायला लागली. दुकानाचं नाव घेत नाही, चूक त्यांची की आमच्या गच्चीच्या ओलीची कोण जाणे. सुताराकडून खाली दर दीड फुटावर लाकडी पट्टी मारून घेतली आणि खालच्या बाजूलाही रंग दिला, त्यानंतर काही नाही. हे आधीच करा.

खर्च आणि आणण्याबद्दल. भारतात २०२० मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० ची ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, त्यामुळे पार्सलने मागवलं तर किंमत कुठच्या कुठे जाते. माझं एक पार्सल महिनाभर अडकलं आणि खोका फाटून आला, आत माल नशिबाने धड होता. कोणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर आणा, आणि तेव्हा डबे न आणता पॉइंट आणि सिग्नल आणा. डबा काय, कधीही येतो, पण पॉइंट कमी पडला तर सगळं अडतं. सी-ट्रॅकचा साधा पॉइंट हाताने फिरवायचाच येतो, मोटर नंतर त्याच्या पोटात बसते, त्यामुळे एकदम सगळा खर्च करायची गरज नाही.

काय आवडलं नाही ते पण लिहिते. ट्रॅकचा बांध पोकळ प्लास्टिकचा असल्यामुळे लाकडावर थेट लावला तर गाडीचा आवाज घुमतो, दुपारी खालच्या मजल्यावर ऐकू येतो. खाली दोन-तीन मिलिमीटरचं फोम लावलं की निम्मा कमी होतो. गिट्टीचा रंग सगळीकडे एकसारखा करडा दिसतो, त्यावर पातळ तपकिरी मारायलाच हवा. आणि तुकडे ठराविक मापाचे असल्यामुळे हवं तसं सैल वळण काढता येत नाही, ज्यांना तसलं हवं त्यांनी फ्लेक्स ट्रॅकवाली (वाकवता येणाऱ्या रुळाची) दुसरी सिस्टिम बघावी. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

ग्वाल्हेरच्या माणसाला टेबलावरची गाडी नवी नाही. जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी आहे, काचेच्या सुरया घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची, सुरई उचलली की थांबायची. शाळेच्या सहलीत बघितली तेव्हा ती चालताना बघायला मिळत नाही याचंच वाईट वाटलं होतं. आता येणारी मुलं आमच्याकडे चालती गाडी बघतात. गल्लीतली सहा-सात पोरं रोज सहाला येतात, अप्पांनी त्यांना पाळ्या लावून दिल्यात, एक ड्रायव्हर, एक पॉइंट्समन, एक फाटकवाला, आणि गार्ड कायम अप्पा. हिरवी झंडी दाखवल्याशिवाय गाडी सुटत नाही.

पुढचं काम ठरलंय. बुश कंपनीची फेल्डबान येते, म्हणजे शेतात, खाणीत चालणारी ६०० मिलिमीटर गेजची छोटी गाडी, त्याच १:८७ मापात, रूळ साडेसहा मिलिमीटरचा. आमची छोटी लाइन ६१० मिलिमीटरची होती, ८७ ने भागलं तर सात येतं, म्हणजे जवळजवळ तीच. इंजिन इतकं हलकं असतं की पकड यावी म्हणून त्यात चुंबक असतो आणि रुळाखाली लोखंडी पट्टी, चढावर ते किती डबे ओढतं ते मला बघायचंय. भाचा डिसेंबरात येतोय, त्याला यादी पाठवलीय. बोर्डाच्या डाव्या कडेला, स्टेशनच्या मागे, जंगल लावलेलं नाही, तिथे अप्पांनी पेन्सिलने दोन रेघा मारून ठेवल्यात आणि रेघांच्या टोकाला बारीक अक्षरात लिहिलंय, सबलगढ.